मदत हवी आहे: व्हीएचएसवरचं जुनं दूरदर्शन डिजिटल करताना आवाज मागे पडतो

चवथीला वाड्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या दूरदर्शनची अर्ध्या तासाची उजळणी दाखवायची आहे. हाताशी घरोघरी रेकॉर्ड केलेल्या ११ ई-१८० (तीन तासांच्या) कॅसेट आहेत, मधल्या जाहिरातींसकट (खरी मजा त्यांतच!).

पाल (PAL, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) व्हीसीआर पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलने संगणकाच्या यूएसबी कॅप्चर कार्डाला जोडलाय. ७२०×५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं चित्र). दहा मिनिटांत आवाज अर्धा सेकंद मागे पडतो. धड कॅसेटवर असं होत नाही, म्हणजे दोष संगणकाचा नव्हे. झिजलेल्या टेपचा सिंक (चित्राची वेळ जुळवणारा सिग्नल) डळमळला की कार्ड फ्रेम गाळतं. टाइम बेस करेक्टर (डळमळीत सिग्नल स्थिर करणारं यंत्र) परवडणारा नाही. मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर लावून सिग्नल सावरतो का? कुठल्या मॉडेलने जमलं, तेवढं सांगा. चित्राच्या तळाशी थरथरणारी पट्टी हेड-स्विचिंगची (व्हीसीआरमध्ये टेप वाचणारं एक हेड संपून दुसरं सुरू होतं तिथली) आहे, ती कापणारच आहोत. त्यावर सल्ला नको.

तीन कॅसेटींच्या रिळांच्या कडेला पांढरी बुरशी धरलीय, आपल्या पावसाची कृपा. त्या व्हीसीआरमध्ये घातलेल्या नाहीत, नाहीतर बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटींवर जाईल. म्हापसा-फोंडा भागात टेप साफ करून देणारं कोणी आहे का? की ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं कापड घेऊन घरीच करावं?