विरंगुळा केंद्र आधी, की तिथवर जाणारी वाट?

प्रश्न : कोथरूडचा_चिटणीस

नमस्कार. मी आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाचा चिटणीस आहे. आमच्या परिसरातील बहुतेक सोसायट्या १९७५ ते १९९० या काळात उभ्या राहिलेल्या, तीन-चार मजली आणि लिफ्ट नसलेल्या आहेत. तेव्हा तिशी-पस्तिशीत ज्यांनी येथे घरे घेतली, ते आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि अनेकांची मुले बाणेर-बालेवाडीकडे किंवा परदेशी स्थायिक झाली आहेत.

पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातील छोटी कामे मागवते, ही पद्धत २००६-०७ पासून चालू आहे. संघातील बहुसंख्य सभासदांना यंदा भाजी मंडईच्या वरच्या मजल्यावर विरंगुळा केंद्र मागायचे आहे. माझे मन मात्र साशंक आहे, कारण मंडईपर्यंतच्या साधारण सहाशे मीटरच्या वाटेवर पदपथ जागोजागी तुटलेला आहे, बसायला एकही बाक नाही आणि स्वच्छतागृह आहे ते चार पायऱ्या चढून. आधी काय मागावे आणि मागणी कोणत्या शब्दांत लिहावी, म्हणजे नवे पेव्हर ब्लॉक बसवून ‘काम पूर्ण’ असा शेरा पडणार नाही?

उत्तर १ : निवृत्त_स्थापत्य_अभियंता

चिटणीससाहेब, ‘पदपथ दुरुस्त करावा’ असे लिहाल, तर मिळतील ते पेव्हर ब्लॉकच. मागणीत मापे लिहा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांविषयीची आयआरसी १०३ ही मार्गदर्शिका २०१२ मध्ये सुधारण्यात आली. तिच्याप्रमाणे पदपथावर चालण्यासाठी अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. आपल्याकडे दर वेळी रस्त्यावर डांबराचा थर चढतो, म्हणून पदपथही उंच करायची सवय लागली आहे. दोनशे-अडीचशे मिलिमीटरची ती पायरी काठी टेकत चालणाऱ्या माणसाला भिंतीसारखीच वाटते.

खरी मेख सोसायट्यांच्या गेटांसमोर आहे. मोटार आत जावी म्हणून प्रत्येक गेटापाशी पदपथ कापून खाली आणला जातो आणि पुढे पुन्हा वर चढवला जातो. सहाशे मीटरमध्ये अशी वीस गेटे असली, तर पादचाऱ्याला वीसदा उतरावे आणि वीसदा चढावे लागते. मग तो कंटाळून रस्त्याच्या कडेने चालू लागतो आणि आपण म्हणतो की लोक पदपथ वापरत नाहीत. पदपथाची पातळी गेटासमोरही तीच ठेवून मोटारीसाठी फक्त रस्त्याकडील कडेला छोटा उतार द्यावा, असे मागणीत स्पष्ट लिहा.

दुचाक्या अडवण्यासाठी जे खांब रोवतात, त्यांच्याविषयीही विचार करून लिहावे लागेल. त्यांत ९०० मिलिमीटरचे अंतर ठेवले तर चाकाची खुर्ची जाते, पण तेवढ्यातून स्कूटरही सहज निघते. अंतर कमी केले तर स्कूटर अडते आणि खुर्चीही. या पेचाला खांबांच्या मापात उत्तर नाही, ते वाहतूक पोलिसांच्या पावती-पुस्तकात आहे.

केंद्राविषयी एवढेच सांगतो. उताराचे प्रमाण सर्वसाधारणपणे १:१२ धरतात, म्हणजे ४५० मिलिमीटरच्या जोत्यावर चढायला ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. पहिला मजला साडेतीन मीटर उंच धरला, तर मधले टप्पे सोडूनही ४२ मीटर होतात. मंडईच्या वर केंद्र म्हणजे लिफ्ट आली, लिफ्टबरोबर तिची देखभाल आली आणि ती बंद पडली की ‘लवकरच सुरू होईल’ ही पाटीही आली.

उत्तर २ : गुडघे_आणि_कंबर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरच्या उत्तरात बाक आणि स्वच्छतागृह राहून गेले, आणि माझ्या रुग्णांचे फिरणे बहुधा त्यांच्यावाचूनच थांबते.

‘घरातच पाय मोकळे करते’ असे एखाद्या आजी सांगतात, तेव्हा खोदून विचारल्यावर निम्म्या वेळा कारण निघते ते लघवीचे. मधुमेह असतो, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतात, किंवा प्रोस्टेटची तक्रार असते. अशी व्यक्ती बाहेर पडण्यापूर्वी पाणी पिणे टाळते, आणि उन्हाळ्यात त्याने चक्कर येते. चार पायऱ्यांचे स्वच्छतागृह अशांच्या उपयोगाचे नाही. पातळीवरचा प्रवेश, पाश्चात्त्य पद्धतीचे भांडे, दोन्ही बाजूंना पकडायला दांडे, कोरडी आणि न घसरणारी फरशी, बाहेर उघडणारे दार, एवढे मागा. दार आत उघडत असेल आणि आतला माणूस पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडते.

बाकाची बैठक साधारण ४५० मिलिमीटर उंच असावी, पाठीला टेका असावा आणि हात मात्र असायलाच हवेत. बिनहातांच्या, बुटक्या सिमेंटच्या बाकावरून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. बसलेला माणूस शेजाऱ्याचा हात धरून उठतो, आणि शेजारी नसला तर पुन्हा बसायला जातच नाही. बाक सावलीत ठेवा. देणगीदाराचे नाव ठळक लिहिता यावे म्हणून भर उन्हात मांडलेले बाक मी पुष्कळ पाहिले आहेत.

उत्तर ३ : सिंगापूरहून_एक_पुणेकर

येथे २००९ पासून चौकांत एक सोय टप्प्याटप्प्याने करण्यात आली. ज्येष्ठ व्यक्तीने आपले सवलतीचे कार्ड सिग्नलच्या खांबावरील यंत्राला लावले की पादचाऱ्यांचा हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद अधिक वेळ राहतो. त्यामागचा हिशेब साधा आहे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला, तर १८ मीटरचा रस्ता १५ सेकंदांत ओलांडता येतो, वेग ०.८ मीटर असेल, तर साडेबावीस सेकंद लागतात. उरलेल्या साडेसात सेकंदांत आजोबा अजून रस्त्यावरच असतात.

पुण्यात कार्डाचे यंत्र मागा, असे मी म्हणणार नाही. २०१४ पासून येथे ज्येष्ठांची वस्ती अधिक असलेल्या भागांत रस्त्याच्या मध्यभागी थांबायला सुरक्षित जागा ठेवून रस्ता दोन टप्प्यांत ओलांडण्याची सोय केली गेली आणि रस्त्याला मुद्दाम वळणे देऊन वाहनांचा वेग उतरवला गेला. त्याला काँक्रीट लागते, संगणक लागत नाही.

विरंगुळा केंद्राबद्दलही एक निरीक्षण आहे. येथील सरकारी निवासी इमारतींचा तळमजला बहुधा मोकळा असतो आणि ज्येष्ठांची अनेक केंद्रे तिथेच चालतात, त्यामुळे घरून लिफ्टने उतरलेला माणूस एकही रस्ता न ओलांडता केंद्रात पोचतो.

उत्तर ४ : आईची_लेक

सगळ्यांचे म्हणणे पटते, तरी मी केंद्राच्या बाजूने लिहिते आहे. पदपथ कितीही मापात बांधला, तरी सहा महिन्यांत केबलसाठी तो खोदला जातो आणि वरची माती कशीबशी ढकलून माणसे निघून जातात. खोली मात्र टिकते.

शिवाय कट्ट्यावर आणि बागेच्या बाकांवर संध्याकाळी कोण बसलेले असते, ते आठवून पाहा. माझी आई ७८ वर्षांची आहे. बाबा गेल्यावर ती वर्षभर जेमतेम देवळापर्यंत जात होती. पुरुषांच्या घोळक्याशेजारी जाऊन बसणे तिला कधीच जमले नाही. आमच्या भागात दुपारी चार ते सहा भजनी मंडळाला एक खोली मिळाली, तेव्हा ती पुन्हा रोज बाहेर पडू लागली. वाट चांगली असणे आवश्यकच आहे, पण वाटेच्या टोकाला जावेसे वाटेल असे काही नसले, तर ती चालायची कशासाठी? खोली हवीच, फक्त ती तळमजल्यावर मागा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : कोथरूडचा_चिटणीस

सर्वांचे आभार. रविवारी सकाळी आम्ही सात जण टेप घेऊन निघालो. अभियंतासाहेबांचा अंदाज थोडक्यात चुकला. गेटे बावीस निघाली. सर्वांत उंच पायरी २८० मिलिमीटरची आहे आणि ती नेमकी बसथांब्यासमोर आहे.

चौथ्या उत्तरातील ताईंचा मुद्दा बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा आजवर गप्प असलेल्या चार भगिनी एकदम बोलू लागल्या. मंडईच्या वरच्या मजल्याची मागणी आम्ही मागे घेतली आहे. उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी महापालिकेची एक बंद तळमजली खोली आहे. ती दुपारी दोन तास मिळावी, असा अर्ज स्वतंत्रपणे करणार आहोत, कारण त्यात बांधकामाचा खर्च नाही. छोट्या कामांत बसथांबा ते मंडई या टप्प्यातील नऊ गेटांसमोर पदपथ एका पातळीत आणणे, सहा बाक आणि स्वच्छतागृहाचा उतार, एवढेच लिहिले आहे. मापे आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उरलेली तेरा गेटे पुढच्या वर्षी. खोदाईची परवानगी देताना पदपथ त्याच पातळीत पूर्ववत करण्याची अट घालावी, अशी एक ओळ शेवटी घातली आहे. तिचा मसुदा अभियंतासाहेबांनी तपासून दिला, तर शुक्रवारपूर्वी अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येईल.