फीड बघून बघून डोकं रिकामं झालंय, तुम्ही कल्पना आणता कुठून?

अर्धवट_लेयर

नमस्कार मंडळी. मी साधारण सहा वर्षं ग्राफिक डिझाइन करतोय, हौस म्हणून फोटो काढतो आणि आता क्लायंटला रील्सपण पाहिजेत म्हणून व्हिडिओ एडिटिंगही गळ्यात पडलंय. तर झालं असं की गेल्या महिन्यात एका वाचनालयासाठी पोस्टर करायचं होतं, लोकांनी परत वाचायला यावं असा विषय. मी नेहमीसारखं पहिले दोन दिवस रेफरन्स गोळा केले, बोर्डवर ऐंशी-नव्वद इमेजेस सेव्ह केल्या, मग तीन ऑप्शन बनवले आणि मस्त वाटलं. सोबतच्या मुलीला दाखवले तर ती म्हणाली हे कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय. मी जरा चिडलोच, पण रात्री माझाच बोर्ड उघडून बघितला तर खरंच, पुस्तकातून उडणारे पक्षी, पुस्तकाचं दार, पुस्तकाची शिडी, सगळं तिथे आधीच होतं. म्हणजे मी चोरी करायला बसलो नव्हतो हो, पण हात आपोआप तिकडेच गेला.

फोटोंचंही तेच. बाहेर पडलो की मला समोरचं दिसतच नाही, फीडमध्ये बघितलेली फ्रेम शोधत फिरतो आणि ती मिळाली नाही की 'आज लाइट बरोबर नाही' म्हणत घरी येतो.

प्रश्न असा की तुम्ही सुरुवात कुठून करता? 'फिरायला जा', 'ब्रेक घे' हे सांगू नका, ब्रेक घेऊन झालाय, परत आलो तर पान तेवढंच कोरं.

कर्निंगवाली

तू निदान बोर्ड उघडून स्वतःलाच पकडलंस, बरेच जण ते सोयीस्कर विसरतात.

माझं मत विचारशील तर घोळ तुझ्या क्रमात आहे. रेफरन्स आधी आणि विचार नंतर. फीडवर जे दिसतं ते दुसऱ्याच्या गणिताचं उत्तर असतं, गणित काय होतं ते तिथे लिहिलेलंच नसतं. मग आपण ते उत्तर उचलून आपल्या गणिताखाली लिहितो आणि जुळत नाही म्हणून रडतो. पक्षी उडवणाऱ्याकडे पक्षी उडवायचं काहीतरी कारण असेलही कदाचित, तुझ्याकडे नव्हतं.

ती अमेरिकन डिझायनर पॉला शेरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते बघ, १९९८ मध्ये सिटीकॉर्प ही बँक आणि ट्रॅव्हलर्स ही विमा कंपनी एकत्र आल्या तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये तिने पेपर नॅपकिनवर लोगो काढला. लोक नॅपकिनवर खूश होतात, काय ती प्रतिभा वगैरे. पण नीट बघितलं तर ट्रॅव्हलर्सचं चिन्ह लाल छत्री होतं आणि नव्या 'Citi' या नावात मध्ये इंग्रजी छोटा टी येतो, जो खालच्या वळणामुळे आधीच छत्रीच्या दांड्यासारखा दिसतो. वर एक कमान टाकली, झालं. म्हणजे कल्पना आकाशातून पडली नाही, ब्रीफमध्येच, म्हणजे क्लायंटने दिलेल्या माहितीतच पडून होती. फक्त तिला ती दिसली, कारण मागे कित्येक वर्षं अक्षरं बघण्यात गेली होती.

मी काय करते सांगते. लॅपटॉप बंद. कागदावर विषयातल्या वस्तू लिहायच्या, भावना अजिबात नाहीत. 'ज्ञान', 'प्रगती', 'प्रेरणा' लिहिलंस की संपलं, तिथून फक्त बल्ब आणि शिड्याच निघतात. वस्तू लिही, हाताला लागणाऱ्या. वाचनालयात काय काय असतं? कपाट, कार्ड, शिक्का, दुमडलेला कोपरा, कुणीतरी पेन्सिलीने केलेली खूण, बाइंडिंगचा दोरा, 'शांतता राखा'ची पाटी. तीसेक होईपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या दहा सगळ्यांना सुचतात, मजा पुढे सुरू होते. मग त्यातल्या पाच-सहांचे अंगठ्याएवढे घाणेरडे स्केच, आणि मग हवं तर रेफरन्स बघ, पण कशासाठी बघतोयस ते ठरवून. 'हा शिक्का प्रिंटमध्ये कसा दिसेल' असं शोधायचं, 'लायब्ररी पोस्टर आयडिया' असं नाही.

ग्रेन_चारशे

फोटोंबद्दल मी लिहितो, पोस्टरमधलं मला काही कळत नाही.

तुझं दुखणं ओळखीचं आहे, मीपण दोन वर्षं 'आपल्या इथे काही नाहीच काढण्यासारखं' या रोगाने आजारी होतो. मग एकदा योसेफ सुदेकचे फोटो बघितले आणि गप्प बसलो. हा प्रागचा माणूस, पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तरी मोठे जड कॅमेरे वापरायचा. १९४० च्या सुमारास, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना त्याने स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि ते १९५४ पर्यंत चालू ठेवलं. तीच खिडकी, बाहेर तेच वाकडं झाड. कधी काचेवर बर्फ, कधी पाण्याचे ओघळ, कधी आत फळीवर ठेवलेला पाण्याचा ग्लास. चौदा वर्षं राव! आणि आपण दोन तासांत लोकेशनला नावं ठेवतो.

दुसरं उदाहरण एडवर्ड वेस्टनचं. त्याचा ढोबळी मिरचीचा फोटो जगभर गाजला, १९३० चा, बघितला नसशील तर जरूर बघ, माणसाच्या पाठीसारखी दिसते ती मिरची. त्या फोटोचं नाव आहे 'मिरची क्रमांक ३०'. आकड्यातच सगळं आलं. आणि उजेड तिच्यावर असा का पडलाय, तर त्याने ती एका पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली होती, त्यामुळे प्रकाश आतून परतून वरून सगळीकडून येतो. नरसाळं! उजेड मऊ करणारा महागडा सॉफ्टबॉक्स नाही. हे कळल्यावर मी घरातल्या पातेल्यात वस्तू ठेवून फोटो काढले होते, दोन बरे आले, बाकीच्यात पातेलंच जास्त छान दिसत होतं.

तर तुला काम देतो. एक खिडकी, एक लेन्स, ३६ फ्रेम. जुन्या रोलमध्ये असायच्या तेवढ्याच. डिलीट करायचं नाही, रोज काढायची सक्तीही नाही, पण रोल संपेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही. पहिले दहा-पंधरा फोटो भंगार येणार हे गृहीत धर, त्यात तुझ्या डोक्यातलं फीड रिकामं होतं. नंतर बघायला काही उरत नाही तेव्हा कुठे खिडकी दिसायला लागते.

लूप_तुटलेला

+१ आणि वाचनखूण साठवली. पातेल्याचे फोटो टाका की इथे 😄

कट_टू_ब्लॅक

व्हिडिओवाल्यांची बाजू कुणीच मांडत नाहीये म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

रील्सचा त्रास असा की आपण ट्रान्झिशन, म्हणजे एका शॉटमधून दुसऱ्यात जायची पद्धत, बघतो आणि तीच उचलतो. तो झूम, तो व्हिप पॅन (कॅमेरा झटक्यात बाजूला फिरवणं), तो बीटवरचा कट. पण कट का चालला हे त्या कटमध्ये नसतं, ते आजूबाजूच्या दोन शॉट्समध्ये असतं. शंभरेक वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव नावाच्या रशियन दिग्दर्शकाने हे करून दाखवलंय, एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच शॉट एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईला. बघणाऱ्यांना वाटलं काय सुंदर अभिनय केलाय, भूक वेगळी, दुःख वेगळं, इच्छा वेगळी. चेहरा एकच! एडिटरसाठी याच्याइतकी धीर देणारी गोष्ट नाही, कारण याचा अर्थ तुझ्याकडे जे बोअर फुटेज पडलंय ते बोअर नाहीये, त्याचा शेजारी चुकलाय.

मी अडकलो की दोनच गोष्टी करतो. एक म्हणजे आवडलेला कुठलाही एक मिनिटाचा तुकडा घेतो आणि आवाज बंद करून बघतो, प्रत्येक कटला पॉज, वहीत लिहायचं की शॉट किती सेकंदांचा, कॅमेरा हलतोय का, नजर पडद्याच्या कुठल्या बाजूला होती आणि पुढच्या शॉटमध्ये कुठे गेली. कंटाळवाणं काम आहे, एका मिनिटाला तास जातो कधीकधी. मग उलटं, डोळे मिटून फक्त आवाज. तेव्हा कळतं की आपल्याला जो कट भारी वाटत होता तो खरं तर दरवाज्याच्या आवाजाने ओढलेला होता, पुढच्या सीनचा आवाज अर्धा सेकंद आधीच आत आला होता. दुसरी गोष्ट, जुनं प्रोजेक्ट उघडून त्याच फुटेजमधून बरोबर उलट्या मूडचा तीस सेकंदांचा व्हिडिओ करायचा. आनंदी कार्यक्रमाचा उदास. नवीन शूट नाही, नवीन म्युझिक नाही. (हा क्लायंटला चुकूनसुद्धा पाठवू नका, मी एकदा चुकीची लिंक पाठवली होती, फोनवर बराच वेळ कुणी काही बोललंच नाही.)

निळा_शाई

मला सगळं पटलं नाही. रेफरन्सला एवढं खलनायक करू नका. दुसऱ्याचं न बघता कुणीच काही केलेलं नाही.

पॅरिसमध्ये तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने १८९१ मध्ये मुलाँ रूझ या नाचगाण्याच्या क्लबचं पोस्टर केलं, त्यातले सपाट रंग, जाड बाह्यरेषा, कडेला कापलेली माणसं, हे सगळं जपानी छापचित्रांकडून आलंय आणि त्याने ते लपवलंही नाही. आणि त्याच जपानी चित्रांपैकी होकुसाईच्या लाटेतला तो गडद निळा बघा, तो प्रशियन ब्लू, युरोपात तयार झालेला रंग. म्हणजे माल इकडून तिकडे आणि तिकडून इकडे चालूच होता. फरक एवढाच की त्यांनी शेजारच्या पोस्टरवाल्याचं उचललं नाही. आपण काय करतो, पोस्टर करायला पोस्टर बघतो, रील करायला रील बघतो, आणि वर अल्गोरिदम आहेच, एकावर बोट ठेवलं की तशीच पन्नास आणून देतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा घ्या. हॅरी बेक हा ड्राफ्ट्समन, विजेच्या सर्किटची ड्रॉइंग्ज काढणारा. त्याने नकाशातला भूगोलच बाजूला ठेवला, रेषा उभ्या, आडव्या किंवा ४५ अंशांत. १९३१ मध्ये साहेबांनी नाकारला, १९३३ मध्ये छापला आणि आज जगात कुठेही मेट्रोचा नकाशा बघा, त्याचाच वंश. तो जर चांगले नकाशे बघत बसला असता तर अजून एक चांगला नकाशा काढला असता, बस.

म्हणून माझा नियम, रेफरन्स बघायचा पण दुसऱ्या माध्यमातला आणि शक्यतो दुसऱ्या काळातला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून त्यांच्याकडच्या कॉपीराइटमुक्त वस्तूंचे लाखो फोटो फुकट वापरायला खुले केलेत, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमचंही तसंच आहे. चिलखतं, कापडाचे नमुने, वनस्पतींची चित्रं, काय वाट्टेल ते. वापरायच्या आधी त्या वस्तूच्या पानावर लायसन्स मात्र तपासा, सगळंच मोकळं नसतं. आणि एका इमेजमधून एकच गोष्ट घ्यायची, ती शब्दांत लिहायची. 'कडेची जागा खूप सोडलीय आणि सगळं वजन खाली डावीकडे', एवढं लिहिलं की टॅब बंद. लिहिता येत नसेल तर तुम्हाला ती इमेज आवडलेली आहे, समजलेली नाही.

कर्निंगवाली

@निळा_शाई टॅब बंद हे आवडलं. पण म्युझियमच्या साइटवर मी परवा तीन तास घालवले आणि शेवटी हातात काय, तर मांजरांची सत्तर जुनी चित्रं. तेही फीडच झालं की, फक्त दर्जेदार.

निळा_शाई

मांजरांचं मी समजू शकतो.

बरं, अजून एक राहिलं. संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये 'ऑब्लिक स्ट्रॅटेजीज' नावाचा पत्त्यांचा एक जोड काढला होता, अडकलं की एक पत्ता ओढायचा आणि त्यावर जे लिहिलंय ते मुकाट्याने करायचं. मी आमच्या कामापुरते स्वतःचे वीस बनवलेत. 'सगळ्यात आवडलेला भाग उडव', 'फक्त अक्षरांत कर', 'आठ वर्षांच्या पोराला फोनवर सांग', असले. निम्म्या वेळा काही उपयोग होत नाही. पण यातला तो पहिला, आवडलेला भाग उडवायचा पत्ता निघाला की पोटात गोळा येतो आणि बहुतेक वेळा तोच बरोबर असतो.

अर्धवट_लेयर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, सगळ्यांचे आभार, आणि रिपोर्ट देणं कर्तव्य आहे.

पोस्टरचं आधी. वस्तूंची यादी केली, अठराव्या-एकोणिसाव्या नंबरला 'परत करायच्या तारखेचा शिक्का' आला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेला तो कागद, ज्यावर एकाखाली एक तारखा असतात, काही वाकड्या, काही पुसट. पूर्ण पोस्टरभर फक्त तारखा घेतल्या, दोन रांगांत, वर दाट, मग हळूहळू दोन तारखांतलं अंतर वाढत जातं, महिने, मग वर्षं, आणि शेवटी एक रिकामा चौकोन. बाकी चित्र नाही. शिक्के खरेच उमटवले, रबरी तारीख फिरवून फिरवून, आणि स्कॅन केले, कारण फॉन्टमध्ये केलं तर एक्सेल शीट दिसत होती. सोबतची मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, माझं कार्ड कुठे गेलं कुणास ठाऊक. क्लायंटने पास केलं, लोगो मोठा करायला सांगितला, तो केला.

व्हिडिओत कुलेशोव प्रकार करून बघितला, अजून जमत नाहीये, माझा निर्विकार चेहरा फक्त झोपाळू दिसतो.

आणि @ग्रेन_चारशे, खिडकी चालू आहे. बावीस झाले. एकोणीस भंगार आहेत, दोन तुमच्या सुदेकसारखे काढायला गेलो आणि फसले. एक बरा आहे, सकाळी काचेवर वाफ होती आणि त्यात कुणाच्या तरी बोटांचे ठसे दिसत होते, बहुतेक माझेच. आता पुढे काहीच दिसत नाहीये, चौदा फ्रेम उरल्यात. खिडकी बदलू का?

ग्रेन_चारशे

नाही. पडदा लाव आणि फोटो काढ.