पाहुण्यासमोर कुणी भांडत नाही

एकत्र राहून कामं आणि खर्च वाटून घेणारे काही समुदाय असतात. 'दोन दिवस राहून आलं की अशा समुदायाचा अंदाज येतो' असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. दोन दिवस आपण पाहुणेच असतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १९६७ पासून चालू असलेल्या 'ट्विन ओक्स' या समुदायात सदस्य व्हायचं तर आधी तीन आठवडे राहावं लागतं, ते उगाच नाही. तिथे उत्पन्न सामायिक, आणि आठवड्याला ठरावीक तासांचं काम प्रत्येकाच्या वाट्याला. त्यात स्वयंपाक आणि मुलं सांभाळणंही धरतात, कमाईच्या कामाच्या एका तासाला जो भाव, तोच त्यालाही.

मी एका छोट्या समुदायात आठवडाभर होतो. चार दिवस सगळं गोडीगुलाबीत. पाचव्या दिवशी भांड्यांच्या पाळीच्या तक्त्यावर एकच नाव तीनदा खोडून पुन्हा लिहिलेलं दिसलं, आणि रात्रीच्या बैठकीत दीड तास त्यावरच गेला! मतदान नाही, एकमत होईपर्यंत बसायचं. (माझ्या पायाला मुंग्या.) पण कारभार कसा चालतो ते मला त्या दीड तासातच कळलं. जाणार असाल तर बैठकीचा वार आधी विचारून घ्या.