अडुळसा, वाफ आणि पंप : सोसायटीच्या ग्रुपवर

*बी-३०२ ताई:* सकाळचा तो फॉरवर्ड टाकण्याआधी कोणी नीट वाचला होता का? "अडुळशाचा रस ७ दिवस घ्या, दम्याचा पंप कायमचा फेका." रस घ्यायचा त्यांनी घ्यावा. पण "पंप फेका" हे वाक्य ग्रुपवर राहू नये. दम्याची मुलं कोणत्या घरात आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

*सी-५०१ काका:* नैसर्गिक आहे. साइड इफेक्ट नाही. कोणावर जबरदस्ती केलेली नाही.

*ए-१०४ काकू:* कापराच्या वेळीही हेच म्हणाला होतात.

*सी-५०१ काका:* तो विषय मिटलाय.

*ए-१०४ काकू:* मिटला नाही, तुम्ही उत्तर दिलं नाहीत.

*सेक्रेटरी:* कृपया सर्वांनी विषयाला धरून बोलावे 🙏

*बी-२०१ वैद्यताई:* अडुळसा गुणी आहे, हे आधी सांगते. त्यातल्या व्हॅसिसीनवरूनच ब्रोमहेक्सिन आणि पुढे अँब्रोक्सॉल आलं. खोकल्याच्या बाटलीवर ही नावं बघा. चिकट कफ सुटतो, हे त्याचं काम. पण दमा म्हणजे नुसता कफ नव्हे. श्वासनलिकेला आतून सूज असते आणि भोवतीचे स्नायू आवळतात. ती सूज रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाने आटोक्यात राहते. पंप सोडला की लगेच काही जाणवत नाही, म्हणून काढ्याने बरं झालं असं वाटतं. सूज मात्र हळूहळू परत चढत असते. मग एखादी सर्दी पुरते.

*सी-५०१ काका:* म्हणजे अडुळसा चांगला, हे तुम्हीच म्हणालात. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही.

*बी-२०१ वैद्यताई:* आहेत, काका. जास्त झाला तर उलट्या आणि जुलाब. गरोदरपणात तर नकोच, गर्भाशय आकुंचन पावतं. मोठ्या माणसाला स्वरस, म्हणजे पानांचा ताजा रस, १० ते २० मिली, तोही वैद्याने प्रकृती बघून सांगितल्यावर. नुसतं पान कुटलं तर रस जेमतेम थेंबभर निघतो. पानं आधी वाफवायची, मऊ पडली की कुटून फडक्यातून पिळायची. मध घालायचा तो गार झाल्यावर, आणि १ वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

*ए-१०४ काकू:* अडुळशावरून आठवलं. पार्किंगजवळचं झुडूप ओरबाडून कोणी नेलं? शेंडेसुद्धा ठेवले नाहीत.

*डी-६०२ दादा:* काकू, खाली गेलं की आता काड्याच स्वागत करतात 😄

*सेक्रेटरी:* त्या झुडपावर सोमवारी पेस्ट कंट्रोलची फवारणी झाली आहे. नोटीस बोर्डावर लावली होती.

*बी-३०२ ताई:* बोर्डावर??? आणि ग्रुपवर कधी सांगणार होतात? ती पानं कोणीही वापरू नका. धुऊनसुद्धा नाही.

*सेक्रेटरी:* ताई, नोटीस नियमाप्रमाणे लावली होती. तरी दिलगीर आहे.

*सी-५०१ काका:* अडुळसा नसेल तर गरम पाण्यात निलगिरी टाकून वाफ घ्या. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही.

*डी-६०२ दादा:* काका, तिसऱ्यांदा तेच. सर्दीने चोंदलेल्या नाकाला वाफेने बरं वाटतं. आवळलेली श्वासनलिका तिने सुटत नाही. निलगिरीच्या आणि कापराच्या उग्र वासाने तर काहींची धाप वाढते. लहान मुलांच्या पोटात कापूर गेला तर झटके येतात. पातेलं कलंडून भाजतं ते वेगळंच.

*ए-१०४ काकू:* हेच मी तेव्हा सांगत होते.

*बी-३०२ ताई:* वैद्यताई, ती बिनलेबलची पुडी मिळते, "तीन दिवसांत धाप गायब" वाली, तिचं काय?

*बी-२०१ वैद्यताई:* त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. इतका झटपट गुण आला तर भुकटीत स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्यायची. चेहरा गोल सुजतो, वजन आणि साखर चढते. कोणी महिनोन्महिने घेत असेल तर एकदम बंदही करायची नाही, कारण शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि सोमलता ही वनस्पती कोणी सुचवली तर विचारून घ्या. त्यात एफेड्रिन असतं, श्वासनलिका खुलते खरी, पण बीपी आणि ठोके वाढतात.

*सी-५०१ काका:* मग प्राणायामही चुकीचा का?

*डी-६०२ दादा:* मुळीच नाही. सावकाश अनुलोम-विलोम, श्वास न कोंडता, रोज केला तर त्रास कमी जाणवतो. भस्त्रिका, कपालभाती जपून. भराभर श्वासाने नलिका कोरडी पडते आणि तिथेच आवळते. धाप लागलेली असताना मात्र कोणताच प्राणायाम नाही. हे पिन करा:

ताठ बसवा, आडवं करू नका. निळा सल्ब्युटामॉलचा पंप (श्वासनलिका लगेच खुलवणारा, रोजचा स्टेरॉइडचा नव्हे) हलवा, स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ नळीला) लावा. एक पफ, त्यावर ४ श्वास. असे एकेक करून ४ पफ. ४ मिनिटं थांबा. फरक नाही तर पुन्हा ४, आणि दवाखान्याची गाडी तेव्हाच बोलवा. गाडी येईपर्यंत हेच चालू ठेवा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात असेल, तर वाट न बघता आधी गाडी. छातीतली शिट्टी थांबली आणि माणूस अजून धापतोय, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे. हवाच आत-बाहेर होत नाहीये.

*बी-३०२ ताई:* सेक्रेटरी साहेब, हे पिन करा आणि सकाळचं काढा.

*सेक्रेटरी:* पिन केले. सकाळचा मेसेज काढला.

*सी-५०१ काका:* मला न विचारता?

*ए-१०४ काकू:* झुडपाला विचारलं होतं का?

*डी-६०२ दादा:* काकू, राहू द्या आता. स्पेसरचं एक राहिलं. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळवा. फडक्याने पुसला की स्थिर विजेमुळे औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. पफ संपतात, आराम पडत नाही, आणि दोष पंपाला.

*सी-५०१ काका:* ठीक आहे. वैद्यताई, ज्येष्ठमध तरी चालेल ना? काढ्यात रोज. बीपीची गोळी चालू असली तर?

*बी-२०१ वैद्यताई:* बीपी असेल तर रोज नको, काका. ज्येष्ठमधाने बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखी खाली, निळ्या पंपाचे जास्त पफ झाले तरी तेच. संध्याकाळी गोळ्यांचं पाकीट घेऊन या, बघून सांगते.