महिला गट: ओळखी पुरे झाल्या, पगाराचं बोलू या

प्रेषक: एडिसनकर
विषय: नोकरदार महिला गट

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुन्हा विषय निघाला, म्हणून एकदाचं लिहून टाकते. आपल्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळात नोकरी करणाऱ्या बायकांचा गट हवा यावर सगळ्यांचं एकमत आहे. त्याने करायचं काय, यावर नाही.

मला आणखी एक व्हॉट्सॲप ग्रुप नकोय. लिंक्डइनवर एकमेकींना जोडून घ्यायचं, वक्त्या बोलवायच्या, 'वर्क-लाइफ बॅलन्स'वर तासभर माना डोलवायच्या आणि समोसे खाऊन घरी जायचं, हे सगळं आपापल्या ऑफिसात फुकट मिळतं. ऑफिसच्या गटात जे बोलता येत नाही ते आपल्या गटात बोलायला हवं. म्हणजे पगार.

परवाचंच बघा. आम्ही तिघी स्वयंपाकघरात वाणाच्या गाळण्यांवरचे किमतीचे स्टिकर सोलत होतो. त्यातली एक फोन पुढे करून म्हणाली, "हे बघ गं, आमच्याच टीमची जाहिरात." तिचाच हुद्दा, तिचंच काम, खाली पगाराची रेंज. हिचा पगार रेंजच्या खालच्या आकड्यापेक्षाही कमी! कंपनीचं नाव लिहीत नाही. नऊ-दहा वर्षांपूर्वी लागली तेव्हा "आधीचा पगार किती" विचारून त्यावर थोडे टक्के चढवले होते, आणि तिथूनच ती मागे पडली ती पडलीच. हा प्रश्न विचारायला न्यू जर्सीत १ जानेवारी २०२० पासून बंदी आहे, पण आधी लागलेल्यांचं नुकसान तसंच राहिलंय.

ती रेंज तिला दिसली तरी कशामुळे? १ जून २०२५ पासून राज्यात दहा किंवा जास्त माणसं असलेल्या मालकाला जाहिरातीत पगार किंवा रेंज छापावीच लागते. बढतीची जागा निघाली तर त्या विभागातल्या लोकांना आधी कळवण्याचा वाजवी प्रयत्नही करावा लागतो. हे किती जणींना ठाऊक आहे? दंड म्हणाल तर चेष्टाच आहे, पहिल्यांदा ३०० डॉलरपर्यंत, पुढे ६००. पण रेंज एकदा डोळ्यांनी दिसली की मॅनेजरसमोर बसून बोलायची भाषा बदलते. तिने पुढच्याच आठवड्यात वेळ मागून घेतली आहे.

तर प्रस्ताव असा: महिन्यातून एकदा भेटायचं, आकडे मोकळेपणी सांगायचे, आणि जिथे कायदा तोकडा पडतो तिथे आपल्या आमदारांकडे जायचं.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: नोकरदार महिला गट

ताई, गटाला माझा पाठिंबाच आहे. शेवटच्या वाक्यावर मात्र घोडं अडतं. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहे. आमदार वगैरे भानगडीत पडलो तर करसवलत जाईल आणि आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं, लचांड माझ्या गळ्यात येईल. शिवाय पगाराचे आकडे चारचौघात सांगणं कंपन्यांच्या नियमात बसतं का, तेही बघा. उद्या कुणाची नोकरी गेली तर?

---

प्रेषक: जर्सीसिटीकर
विषय: उत्तर: उत्तर: नोकरदार महिला गट

दादा, मी धर्मादाय संस्थांचे हिशेब बघते, म्हणून मध्ये पडते.

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. निवडणुकीत अमक्याला मत द्या किंवा देऊ नका, हे ५०१(सी)(३) ला पूर्ण वर्ज्य. त्यात सूट नाही. एखाद्या विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात आमदाराला भेटणं मात्र चालतं, फक्त तो आपल्या कामाचा मोठा हिस्सा होता कामा नये. 'मोठा' म्हणजे किती याची धाकधूक नको असेल तर फॉर्म ५७६८ भरायचा. मग मोजमाप थेट खर्चावर होतं. आपल्याएवढ्या लहान संस्थेला वर्षाच्या कामकाजाच्या खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत मुभा, त्यातही लोकांना "आमदारांना फोन करा" असं आवाहन करण्यावर त्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. आपल्या बायका स्वखर्चाने राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला जाणार, डबा घरचा. मर्यादा गाठायला आपल्याला गणपतीच्या मांडवाएवढा खर्च करावा लागेल.

आकड्यांचं म्हणाल तर, सुपरवायझर नसलेल्या बहुतेक खासगी नोकरदारांना आपसात पगाराबद्दल बोलायचा हक्क १९३५ च्या कामगार कायद्यानेच दिलेला आहे. "पगार गोपनीय ठेवा" असं हँडबुकात छापलं म्हणून तो जात नाही. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांनी आधी वकिलाला विचारावं, आणि एचआरमध्ये असणाऱ्यांनी दुसऱ्यांचे आकडे अजिबात सांगू नयेत.

---

प्रेषक: पार्सिपनीकर वहिनी
विषय: उत्तर: उत्तर: नोकरदार महिला गट

सगळं छान चाललंय. पण 'नोकरदार' गटात मी बसते का?

मी एच-४ वर आहे, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर. यांचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर म्हणून मला काम करायचं कार्ड मिळालं. २०१५ च्या मे महिन्यापासूनची ही सोय. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेला की जुन्या कार्डावर काही काळ काम चालू ठेवता यायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ते बंद झालं. आता कार्डाची तारीख उलटली आणि नवं आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी लॅपटॉप परत. अर्ज सहा महिने आधी टाकता येतो, तेवढा टाकाच, बायांनो.

आणि दिवाळीत मंडळाच्या स्टॉलवर चकल्या विकायला मला गळ घालता ना दरवर्षी? कार्ड नसलेल्या एच-४ बाईने पैसे घेऊन चकल्या विकणं हेसुद्धा विनापरवाना काम धरलं जाऊ शकतं. कुणी विचारही करत नाही याचा. "घरबसल्या काहीतरी कर" हा सल्ला मला प्रत्येक पार्टीत मिळतो.

गटाने इमिग्रेशनच्या वकिलाचा एक तास ठेवला तर मी येते. पगाराच्या गप्पा नंतर ऐकेन.

---

प्रेषक: काकू, वुडब्रिज
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: नोकरदार महिला गट

पार्सिपनीकर वहिनी म्हणते ते खरं आहे गं. मी परळची. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका मी पाहिल्या आहेत. पहाटेपासून चुलीपुढे, महिनाभर वाण्याची उधारी, आणि कागदोपत्री त्या कुणीच नाहीत! प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेच्या दारात नेऊन उभं केलं, तेव्हा कुठे त्या कर्जाला लायक ठरल्या. नोकरीचं पत्र असेल तीच काम करणारी, असं तिथे म्हटलं असतं तर गटात एकही बाई उरली नसती.

चकल्यांवरून आठवलं. आपल्या राज्यात घरी भाजलेला साधा केकसुद्धा २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत विकता येत नव्हता. घरगुती बेकरी करणाऱ्या बायकांनी न्यू जर्सी होम बेकर्स असोसिएशन काढली, विधानसभेत खेटे घातले, सिनेटमध्ये विधेयक अडकून पडलं तेव्हा २०१७ मध्ये कोर्टात गेल्या. आता परवाना मिळतो: दोन वर्षांना शंभर डॉलर, विक्री वर्षाला पन्नास हजारांपर्यंत, आणि माल फ्रीजबाहेर टिकणारा हवा. म्हणजे रव्याचे लाडू, नानकटाई यांना वाव आहे, ओल्या नारळाचे मोदक नाहीत. परवानगीच्या यादीत नाव नसलेल्या पदार्थाचं आरोग्य खात्याला आधी विचारून घ्यायचं.

नाव 'नोकरदार' नको, 'कामकरी' ठेवा. आणि खजिनदार, तो फॉर्म भरून टाक रे बाबा, फार खल करू नकोस.

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: नोकरदार महिला गट

काकूंपुढे काय बोलणार. फॉर्म ५७६८ समितीच्या बैठकीत ठेवतो.

पहिली भेट रविवारी सकाळी नको, मराठी शाळा असते. शनिवारी दुपारी लायब्ररीची खोली फुकट मिळते, मात्र तिथे खाणं चालत नाही. मुलांना सांभाळायला कुणी पुरुष सभासद येणार असतील तर कृपया या मेललाच उत्तर द्या. (आत्तापर्यंत एकच नाव आलंय, तेही बायकोने कळवलेलं.) वकिलाच्या तासाचे पैसे शैक्षणिक कार्यक्रमाच्या खात्यातून देता येतील. वहिनी, तुमचे प्रश्न लिहून आधी पाठवा, म्हणजे तो तास ओळखी करून देण्यात जाणार नाही.