बेनीथाने डॉक्टर होण्याचा हट्ट धरावा का?

चर्चाप्रस्ताव:
लोरेन हॅन्सबेरी यांचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आले. शिकागोच्या साउथ साइडमधील एका कोंदट घरात यंगर हे कृष्णवर्णीय कुटुंब राहते आणि वडिलांच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या विम्याच्या १०,००० डॉलरकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. भाऊ वॉल्टर दुसऱ्याची मोटार चालवतो, वहिनी रूथ परक्या घरी राबते आणि धाकटी बेनीथा मात्र डॉक्टर होण्याचे ठरवून कॉलेजात शिकते. आज घोडेस्वारी, उद्या गिटार, असे तिचे छंदही चालूच असतात. आपले शिक्षण कोणाच्या श्रमांवर उभे आहे, याची जाणीव मला तिच्यात फारशी दिसत नाही.

प्रतिसाद १:
हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. वॉल्टरला दारूचे दुकान काढायचे असते, तेव्हा आपण त्याला स्वप्न म्हणतो. बहिणीच्या इच्छेला मात्र लगेच स्वार्थ म्हणतो. परिचारिका हो, नाहीतर लग्न करून गप्प बस, असे तो तिला सुनावतो. पुढे विम्याच्या पैशांतून नव्या घराची आगाऊ रक्कम भरून उरलेले ६,५०० डॉलर आई त्याच्या हाती देते आणि त्यांतले ३,००० बेनीथाच्या शिक्षणासाठी ठेवायला सांगते. तो सगळेच दुकानाच्या व्यवहारात घालतो आणि भागीदार ते घेऊन पळून जातो. मग कर्तव्याला चुकले कोण?

प्रतिसाद २:
वॉल्टर चुकला, हे निर्विवाद; पण प्रश्न तिथे संपत नाही. लहानपणी घसरगाडीच्या अपघातात एका मुलाचा चेहरा फाटलेला आणि डॉक्टरांनी तो जोडलेला बेनीथाने पाहिला होता. तिची महत्त्वाकांक्षा त्या क्षणातून आली आहे, प्रतिष्ठेच्या हव्यासातून नव्हे. तरीही पैसे बुडताच माणसे बरी करण्यावरची तिची श्रद्धाच डळमळते. तेव्हा तिचा नायजेरियन मित्र असागाई तिला विचारतो की, ते पैसे तू मिळवले होतेस का, आणि एका माणसाच्या मृत्यूवाचून ज्या घरातले कोणतेच स्वप्न पुरे होऊ शकत नाही, त्या घराचे काहीतरी चुकत नाही का. मला हा प्रश्न संपूर्ण नाटकात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो बहीणभावाच्या भांडणापलीकडे जातो.

प्रस्तावकर्ता:
पैशांच्या बाबतीत दोष वॉल्टरचा, हे मी मान्य करतो. मात्र गरोदर असूनही परवडत नाही म्हणून गर्भपाताचा विचार करणाऱ्या रूथला स्वतःला काय व्हायचे होते, हे बेनीथा एकदाही विचारत नाही आणि आपल्या या चर्चेतही ते अद्याप कोणी विचारलेले नाही.