नेमाड्यांनी ‘कोसला’नंतर काय केलं? – असहमतीचा धागा

रावेरकर
काल इथे एका सदस्याने कादंबरीकार भालचंद्र नेमाड्यांबद्दल लिहिलं, ‘नेमाड्यांनी १९६३ला कोसला ही कादंबरी लिहिली आणि पुढची साठ वर्षं बाकीच्यांना झोडपण्यात घालवली.’ खाली ‘+१’ची रांग. वाचून डोकं इतकं तापलं की सविस्तर लिहितोय.

‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ या त्यांच्या पुढच्या चार कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत ना? मग तसं सांगा. त्यांचा नायक चांगदेव पाटील एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात बिऱ्हाड हलवत राहतो. प्राध्यापकीचं आतलं राजकारण इतक्या जवळून मराठीत दुसऱ्या कुणी मांडलेलं मला तरी ठाऊक नाही. ‘झूल’ १९७९ची, त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ २०१०ची. मधल्या एकतीस वर्षांत माणूस झोपला होता का? १९९०चं साहित्य अकादमी ‘टीकास्वयंवर’ला मिळालं, म्हणजे टीकेच्या पुस्तकाला. त्याआधी साठच्या दशकात औरंगाबादेतून ‘वाचा’ हे अनियतकालिक चालवलं. खपाच्या मासिकांत ज्यांना दारं बंद होती त्यांच्यासाठी अशी ठरलेल्या तारखेचं बंधन नसलेली छोटी अनियतकालिकं हाच रस्ता होता. संपादन, टीका, कादंबरी हे तीन वेगळे धंदे नाहीत. जे लिहिलं जावं असं वाटत होतं, त्यासाठी आधी जागा करावी लागली.

मी १९८८ला पुण्यात शिकायला आलो. तोंडून आमच्या खानदेशी बोलीतलं ‘मले-तुले’ गेलं की मेसमधली पोरं हसायची. दोन महिने मी जेवताना बोलायचंच सोडलं होतं. मग खोलीतल्या पार्टनरने पुठ्ठा निघालेली, सुतळीने बांधलेली ‘कोसला’ दिली. आमच्याकडचा पोरगा पुण्यात येऊन आपल्याच भाषेत बोलतोय आणि ते छापलंय! नायकाच्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं मी जिन्यात बसून वाचली, कारण खोलीत रडता येत नव्हतं.

कथाप्रेमी
जिन्यातलं पोचलं. पण ‘जागा केली’ म्हणता तेव्हा कुणाची जागा घालवली तेही बोला. लघुकथा हा कमअस्सल प्रकार, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि त्यांच्यामागे मराठीच्या प्राध्यापकांची एक पिढी तेच घोकत राहिली. अहो, ज्या १९६३मध्ये ‘कोसला’ आली त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आला. तो कथासंग्रह आहे! तो कमअस्सल? कथाकार जी.ए. कुलकर्णी कमअस्सल? एका दिवाळी अंकाच्या संपादकाने माझी कथा न वाचताच परत केली. म्हणाले, कादंबरीचा अंश असेल तर पाठवा. बारा वर्षं झाली, अजून सलतंय.

नाशिकची बाई
माझा राग वेगळा आहे. ज्ञानपीठ जाहीर झालं त्या सुमारास, २०१५ला, नेमाडे इंग्रजी माध्यमावर किती तुटून पडले! स्वतः आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, लंडनलाही शिकवून आले. आणि आमच्या पोरांनी शिकायचं नाही? मी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीची शिकवणी घेते. तिची आई कर्ज काढून इंग्रजी शाळेची फी भरते. त्या बाईला नेमाड्यांचा देशीवाद, म्हणजे आपल्याच भाषेत-मातीत रुजून राहायचा विचार, समजावून दाखवा.

झेडपी मास्तर
ताई, मी समजावतो. माझ्या शाळेचा पट ८४वरून १९वर आला. गावात पिवळी बस यायला लागली तेव्हापासून. त्या बसने जाणारी चौथीतली पोरगी माझ्यासमोर इंग्रजी धडा घडाघडा वाचते. ‘विहीर’ला इंग्रजीत काय म्हणतात विचारलं की गप्प. मराठीतही धड सांगता येत नाही. दोन्ही भाषा गेल्या. ज्याने इंग्रजी शिकवण्यात हयात घालवली त्याला ती भाषा काय करते हे जास्त कळणार की कमी?

नाशिकची बाई
मास्तर, तुमची स्वतःची मुलं कुठल्या माध्यमात आहेत ते आधी लिहा.

झेडपी मास्तर
थोरला मराठी. धाकटी सेमी-इंग्रजी. बायकोपुढे माझं चाललं नाही. लिहिलं. झालं समाधान?

नाशिकची बाई
नाही झालं. घरात तुमचंच चाललं नाही, तर धुणंभांडी करणाऱ्या बाईला दोष कसा देता? पोरगी गप्प बसली हे खरं असेल. माझ्याकडची पण ‘शेवगा’ला अडते. पण तो शाळेचा दोष आहे, तिच्या आईचा नाही.

झेडपी मास्तर
आईला मी एका अक्षराने बोललो नाही. वर जाऊन परत वाचा!

रावेरकर
अहो, धागा माध्यमावर नाहीये! नेमाड्यांवर कुठेही बोला, गाडी इंग्रजी शाळेपाशीच येऊन थांबते. लेखक सलमान रश्दींनी तेव्हा ट्विटरवर नेमाड्यांना शिवी हासडली, ती लोकांना पाठ आहे. ‘टीकास्वयंवर’मधलं एक पान पाठ नाही.

कथाप्रेमी, ‘कोसला’ आणि बागूल एकाच वर्षीचे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. रात्री कपाटातून दोन्ही काढून शेजारी ठेवली. लघुकथेबद्दल ते चुकले, एवढं मान्य करतो. मनापासून नाही, पण करतो. ‘पुढची साठ वर्षं झोडपण्यात’ हे मात्र मागे घ्या असं त्या सदस्याला सांगा.

कथाप्रेमी
तो सदस्य मीच आहे, दुसऱ्या धाग्यावर घाईत लिहिलं होतं. ‘झोडपण्यात’ राहू द्या. झोडपलेल्यांत मीही आहे. ‘साठ वर्षं’ मागे घेतो. ‘हूल’ आणि ‘जरीला’ वाचलेल्या नाहीत, हे खरं.